खिशातला माइक

१

गुंजीच्या माळावरची रेडिओ क्लबची ती शेड आठ महिने बंद होती. ऋतिका तिचं कुलूप काढायला आली ती रागातच, आणि रागाचं कारण तिच्या काखेत होतं.

तो होता एक फलक. बेळगावच्या हॅम रेडिओ क्लबचे नवे अध्यक्ष नागेंद्र सर यांनी खास रंगवून घेतलेला. 'सुरक्षा पट्ट्याचा हुक लावल्याशिवाय टॉवरवर चढू नका. परशराम आप्पांचा अपघात आठवा.' तो त्यांनी आप्पांच्या मुलीच्याच हातात दिला होता आणि वर म्हणाले होते, "शेड उघडायला जातेच आहेस तर दारावर टांगून ये."

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे हवेतलं खुणेचं नाव, घ्यायचं, घरच्या रेडिओवरून जगभरातल्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलायचं, बस. एरवी हे अगदी निरुपद्रवी लोक. पण वर्षातून काही वेळा स्पर्धा लागतात. दोन दिवस ठाण मांडून जास्तीत जास्त देशांशी संपर्क साधायचा. एखादं दुर्मिळ बेट हाती लागलं की गुण एकदम वर चढतात. त्या दोन दिवसांत भली भली माणसं जेवायचंसुद्धा विसरतात. मागच्या स्पर्धेत भर दुपारी टॉवरच्या टोकाला अँटेनाचा एक सांधा ढिला झाला आणि ऋतिकाचे वडील, परशराम आप्पा, तो आवळायला वर चढले. तिथून पडले ते कमरेखाली लुळेच झाले. पट्टा अंगावर होता, हुक उघडा होता. निष्काळजीपणा, असं क्लबने ठरवून टाकलं. ज्या माणसाने अख्ख्या क्लबला हुक लावायला शिकवलं, त्याच्या नावाचा आता फलक होणार होता.

ऋतिका हे सगळं गिळून शेडमध्ये शिरली. धूळ, पालीची अंडी, झाकून ठेवलेले रेडिओ. तिने सवयीने मेन स्विच वर केला, आणि टेबलावरच्या एका डब्याचा दिवा लागला.

टॉवरच्या टोकाला अँटेना फिरवणारी मोटर असते, तिचा हा डबा. त्यावर होकायंत्रासारखा काटा. अँटेनाचं तोंड जिकडे, काटा तिकडे. हे तोंड फार महत्त्वाचं असतं, कारण असा अँटेना टॉर्चच्या झोतासारखा एकाच बाजूला पाहतो. समोरचं त्याला लांबून लांबून ऐकू येतं, पाठीमागचं जवळजवळ नाहीच.

काटा नैऋत्येला होता.

ऋतिका त्याच्याकडे पाहतच राहिली. आप्पा चढण्याआधी अँटेना नेहमी ईशान्येला, जपानकडे, करून घेत. तेव्हाच तो सांधा शिडीच्या बाजूला येई. आता अँटेना बरोबर उलटा, नैऋत्येला उभा आहे, हे काही गुपित नव्हतं. खालूनही दिसत होतं. नागेंद्र सरांनी त्याचा उलगडाही करून ठेवला होता. आप्पा पडताना हिसका बसला, मोटरच्या वरचा क्लॅम्प सुटला, मग वाऱ्याने अँटेना फिरवला. सगळ्यांना पटलं होतं. तिलाही.

पण क्लॅम्प सुटला असता तर अँटेनाचा पाइप नुसता मोटरच्या वर मोकळा फिरला असता. मोटर जागची हलली नसती, आणि काटा ईशान्येलाच राहिला असता. काटा फिरतो तो फक्त मोटर फिरली तरच. आणि मोटर फिरते ती या टेबलाशी बसून कुणीतरी फिरवली तरच.

तिने फलक पालथा करून जमिनीवर टाकला आणि शांतपणे खुर्चीत बसली. आप्पा पडले नव्हते. त्यांना पाडलं होतं.

२

खानापुरात आप्पांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, ते आता बंदच. घरात खिडकीशी पलंग, आणि पलंगाशेजारी रेडिओ, चादर घातलेला. पडल्यापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. रोज सकाळी पार ऑस्ट्रेलियापर्यंत गप्पा मारणारा माणूस, आता दारात कुणी आलं तरी भिंतीकडे तोंड करत होता.

"आप्पा, त्या दिवशी चढायच्या आधी अँटेना कुठं केलतासा?"

"जपानकडं. नेहमीसारखा." ते भिंतीकडे बघूनच बोलले. "कशाला उकरून काढतीस गं? माझीच चूक. हुक लावायला इसरलो असन."

"आठवतंय तुमास्नी?"

"पडल्यालंच आठवत न्हाय, हुकाचं कुठलं! पण सगळी म्हणत्यात म्हंजे असंलच की."

आई, शालूबाई, चहा घेऊन आली होती. ती तशीच कपाटाकडे गेली आणि एक पिशवी आणून तिने ऋतिकाच्या मांडीवर ठेवली. इस्पितळातून आलेल्या वस्तू. तो पट्टा, आणि रेडिओचा माइक, मधोमध फुटलेला.

तो माइक बघून ऋतिकाचे डोळे भरून आले. हा आप्पांनीच घालून दिलेला रिवाज होता. जो टॉवरवर चढेल त्याच्या खिशात माइक. माइकचं बटण दाबलं की अँटेनात वीज जाते. तो माइकच खाली नसला म्हणजे कुणी चुकूनसुद्धा बटण दाबायचं नाही आणि वरच्या माणसाला चटका बसायचा नाही. त्यांनी माइक नेला होता. म्हणजे ते काही विसरले नव्हते. फक्त मोटरचा विचार कुणीच कधी केला नव्हता, कारण माणूस वर असताना अँटेना फिरवील असं माणूस क्लबात असेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

पट्ट्याचा हुक तिने उघडून मिटून पाहिला. धडधाकट होता. न तुटता, न वाकता उघडला होता. म्हणजे हाताने उघडलेला. का पण? ते तिला कळेना.

"शेडकडं कोण कोण हुतं तवा?" शालूबाईंनी हळूच विचारलं.

"तिघं. रविअण्णा, प्रशिक, आणि नागेंद्र सर."

"त्यातला एक व्हय?"

"व्हय."

"मग सोडू नगंस," शालूबाई म्हणाल्या, आणि चहाचे कप उचलून आत गेल्या.

३

पोलिसांत जाऊन उपयोग नव्हता. मोटर फिरवली, एवढाच गुन्हा, आणि तो करताना कुणी पाहिलेलं नाही. ऋतिकाने ठरवलं, तिघांनाही एकच साधा प्रश्न विचारायचा. हॅम माणसाला 'त्या दिवशी बँड कसा होता', म्हणजे हवेत कुठकुठलं ऐकू येत होतं, असं विचारलं की तो तासभर बोलतो. बोलणाऱ्याचं कुठेतरी चुकतंच.

रविअण्णांची, म्हणजे रविराजची, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, फाउंड्री. ऋतिकाही तिथल्याच एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करायची, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत चालत गेली. आप्पा चढले तेव्हा हा टॉवरच्या बुडाशी त्यांच्या कमरेचा दोर धरून होता. शिवाय टॉवर आपल्या जमिनीत हलवायचा म्हणून आप्पांशी याचं चांगलं वाजलं होतं. ती ते विसरली नव्हती.

"बँड कसला! मी दोर धरून हुतो," रविराज म्हणाला. "वर बघावं तर डोळ्यांवर ऊन. दोराकडंच बघत हुतो. एकदम आरडले आन्..." त्याने तोंड फिरवलं.

"दोर कुठला होता, अण्णा?"

"दुसरा दोर न्हवताच गं. वायरचा जो दुसरा अँटेना हुता न्हवं, झाडाला बांधल्याला? त्याचाच दोर सोडून घेतला. वायर पडली गवतात." मग तो थांबून म्हणाला, "भांडलो आप्पांशी, खरं हाय. पण दोर मी सोडला न्हाय, ऋतिका. हातातनं सरसर घसरला, सालपट निघालं, तरी सोडला न्हाय."

प्रशिक निपाणीला भेटला, त्याच्या घराच्या माडीवर. हा क्लबचा संगणकवाला. स्पर्धेत संपर्क नोंदायचं सॉफ्टवेअर यानेच लिहिलेलं. ऋतिकाने मोटरचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला.

"आक्का, मला हेच वाटत होतं," तो म्हणाला. "आठ महिने झोप न्हाय मला. कॉलसाइन टाइप करून एक कळ दाबली की माझं सॉफ्टवेअर अँटेना त्या देशाकडं फिरवतं. त्यानं आपोआपच फिरवला असंल तर? माझ्या चुकीनं आप्पा..."

"कळ न दाबता फिरतो?"

"फिरायला नको. लई वेळा तपासलं. कधीच फिरला न्हाय."

"मोटर कधी फिरली ते नोंदलेलं असतं?"

"न्हाय. नुसते संपर्क नोंदतं."

"तू कुठं होतास?"

"बाहेर गवतात. पडलेली वायर तुटली होती, ती सांधत होतो. आप्पा चढायला लागले तवा शेडमधल्या स्पीकरवर जपानी ऐकू येत होते. मग सरांनी हेडफोन घातले, आवाज बंद झाला." तो गवतात होता हे खरं की खोटं, हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि त्याच्या चेहऱ्यावर अपराध स्वच्छ लिहिलेला होता.

नागेंद्र सर कॉलेजात शिकवायचे. स्टाफरूममध्ये त्यांनी तिला प्रेमाने बसवलं, कॅन्टीनमधून चहा मागवला, फलक लावला का ते विचारलं. ती 'जागा बघून ठेवली' म्हणाली.

"बँड? अगं, काय बँड होता!" सरांचे डोळे चमकले. "मादागास्करच्या पलीकडचं ते बेट. तिथं कुणी रेडिओवाला राहतच नाही. स्पर्धेपुरते कुणीतरी बोटीनं जाऊन बसलेले. आपल्या क्लबला जन्मात मिळालं नव्हतं. शेजारच्या गल्लीतून बोलावं तसं खणखणीत ऐकलं मी! माइक आप्पांच्या खिशात, नाहीतर तिथंच उचललं असतं. आप्पा उतरले की पहिला कॉल हाच, म्हणून टपून बसलो होतो. आणि तेवढ्यात तो ओरडा." त्यांनी मान हलवली. "नशीब बघ. आप्पाही गेले कामातून, बेटही गेलं."

"वाईट झालं," ऋतिका म्हणाली.

"फार वाईट," सर म्हणाले. तिच्या मनात आलं, यांना यातलं नक्की कशाचं वाईट वाटतंय?

खानापूरच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. देसूर मागे पडलं आणि एकाएकी ती ताठ बसली. शेजारच्या बाईने विचारलं, "काय गं, उतरायचं राहिलं व्हय?"

"न्हाय मावशी," ऋतिका म्हणाली. "एकाला उतरवायचं राहिलंय."

४

पुढची स्पर्धा तोंडावर आली होती. टॉवरचे सांधे कुणीतरी चढून तपासायला हवे होते. ऋतिकानेच सुचवलं, हा मान अध्यक्षांचा. नागेंद्र सरांना ते आवडलं. रविवारी सकाळी सगळे गुंजीला जमले. अँटेना ऋतिकाने आधीच जपानकडे फिरवून ठेवला होता. रविराजने दोर धरला, प्रशिक तिच्याबरोबर शेडमध्ये थांबला. सरांनी पट्टा बांधला, गळ्यात हातसेट, म्हणजे लहानसा वॉकीटॉकी, अडकवला. ऋतिकाने रेडिओचा माइक काढून त्यांच्या हातात दिला.

"आप्पांचा रिवाज, सर."

"हो तर," म्हणत त्यांनी तो खिशात टाकला आणि ते चढले.

वर पोचून त्यांनी पट्टा पाइपभोवती घेतला, हुक लावला, आणि हातसेटवर म्हणाले, "पोचलो. हुक लावलाय, सगळ्यांनी बघून घ्या." हे सगळं बोलणं क्लबच्या रिपीटरवरून जात होतं. रिपीटर म्हणजे लहान सेटचा आवाज उचलून लांबवर पोचवणारं यंत्र. खानापूर ते निपाणी, ज्याच्या ज्याच्या घरी सेट चालू होता, तो ऐकत होता. पलंगाजवळच्या रेडिओवरची चादर त्या सकाळी शालूबाईंनी स्वतः काढली होती.

"सर, एक विचारू?" ऋतिका सेटवर म्हणाली. "त्या दिवशी ते बेट शेजारच्या गल्लीतल्यासारखं ऐकलंत म्हणालात."

"आता ते काय मध्येच?"

"बेट नैऋत्येला. अँटेना ईशान्येला. म्हणजे बेट त्याच्या पाठीला. दुसरा अँटेना तर गवतात पडला होता, त्याचा दोर रविअण्णांच्या हातात होता. मग तुम्ही ते कुठल्या कानानं ऐकलंत?"

वर सरांनी पाइप दोन्ही हातांनी धरला.

"आप्पा ओरडले त्याच्या आधी ऐकलंत, तुम्हीच सांगितलंत. म्हणजे ते पडायच्या आधीच अँटेना नैऋत्येला वळला होता. आणि टेबलाशी तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. टपून बसलो होतो, हेही तुम्हीच म्हणालात, आणि प्रशिक तेव्हा बाहेर वायर सांधत होता."

"ऋतिका, तोंड सांभाळ. सगळे ऐकतायत."

"ऐकू द्यात. सर, मी आत्ता त्या बेटाचा कॉलसाइन टाइप केलाय. एक कळ दाबायची राहिलीय. घाबरू नका, माइक तुमच्याच खिशात आहे."

बाहेर रविराज मोठ्याने ओरडला. वर नागेंद्र सरांचा हात पट्ट्याकडे गेला होता आणि ते घाईघाईने हुक काढत होते.

"सर! हुक का काढताय?"

"पट्टा पाइपला आहे ना!" वरून आवाज आला, सेटवरूनही आणि उघड्या माळावरूनही. "पाइप फिरला की पट्टा आवळतो, केबल गुंडाळते, माणूस चिरडतो! हुक काढावाच लागतो!"

आठ महिने जे कोडं क्लबात कुणाला पडलंच नव्हतं, त्याचं उत्तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिलं होतं.

"बघितलंत तुम्ही," ऋतिका म्हणाली. "आप्पांनी हुक का काढला, तुमास्नी ठाऊक होतं. आणि तुम्ही फलक रंगवून घेतलात."

"मला वाटलं, हळू फिरतो, धरून बसतील," सर वर पाइपला मिठी मारून बोलत होते. "पाठीमागून जेमतेम लागलेलं ते बेट बुजत चाललं होतं गं. नुसतं ऐकून खात्री करायची होती. त्यांना उतरायला वेळ लागला असता. एकच बेट... मी काही मुद्दाम..."

"आणि नंतर?"

"नंतर कसं सांगणार? तूच सांग, कसं सांगणार?"

प्रशिक रडत होता. ऋतिकाचं बोट कळीवर होतं. तिला आप्पांचं भिंतीकडे वळलेलं तोंड दिसलं, 'माझीच चूक गं' ऐकू आलं, आणि तिने कळ दाबली.

प्रशिक किंचाळला. वर नागेंद्र सरांनी डोळे मिटले.

काही झालं नाही. काटा जागचा हलला नाही. ऋतिकाने स्वतःच्या खिशातून मोटरच्या केबलचा प्लग काढून टेबलावर ठेवला. सकाळी अँटेना जपानकडे फिरवून झाल्या झाल्या तिने तो काढून घेतला होता. तिचा स्वतःवर भरवसा नव्हता, आणि तो नव्हता हेच बरोबर होतं.

"रविअण्णा," ती सेटवर म्हणाली, "त्यांना हुक लावायला सांगा. आणि उतरवा."

५

नागेंद्र सरांनी अध्यक्षपद सोडलं, नाहीतर काढलंच असतं. कुणी त्यांना शिवी दिली नाही, कुणी अंगावर गेलं नाही. फलक मात्र शेडवर लागला, पालथ्या बाजूने. त्यावर प्रशिकने लिहिलं, 'चढणाऱ्याच्या खिशात माइक आणि मोटरचा प्लग, दोन्ही.'

स्पर्धेच्या दिवशी रविराजने आप्पांना गाडीतून गुंजीला आणलं आणि खुर्चीसकट उचलून टेबलाशी ठेवलं. आप्पांनी नव्या माइकवरून हात फिरवला. पहिला कॉल देताना आवाज चिरकला, दुसऱ्याला सुधारला, आणि मग ते असे सुटले की शालूबाईंनी आणलेली भाकरी तशीच राहिली. ऋतिका शेजारी बसून नोंदी करत होती.

दुपारी बँड जरा थंडावला तेव्हा एक ओळखीचा आवाज आला. बेळगावहून नागेंद्र सर कॉल देत होते. घरच्या रेडिओवरून, एकटेच. कॉल देऊन ते थांबले. परत दिला. निपाणीचे ऐकत होते, उद्यमबागेचे, नंदगडचे ऐकत होते. हॅम माणसाला कुणीतरी उत्तर देतंच, नवशिक्यालाही देतात, अनोळख्यालाही देतात. पण त्या आवाजाला कुणी उत्तर देईना. ते पुन्हा पुन्हा बोलावत राहिले. मग आवाज उतरला आणि ते मराठीत म्हणाले, "कुणी आहे का? कुणीतरी बोला."

शेडमध्ये सगळे आप्पांकडे बघायला लागले. साऱ्या आयुष्यात परशराम आप्पांनी कुणाचा कॉल कधी रिकामा सोडला नव्हता. क्लबात त्यांनी शिकवलेली ती पहिली गोष्ट होती. नागेंद्रलाही त्यांनीच शिकवली होती.

आप्पांनी माइक तोंडाजवळ नेला. अंगठा बटणावर ठेवला.

आप्पांनी तो आवाज शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग अंगठा काढला, सावकाश डायल फिरवला, आणि म्हणाले, "ऋतिका, अँटेना जपानकडं कर."